पापाला 'मी', कृपेला 'मला' : साक्ष लिहायला बसण्याआधी

डिसेंबर लागला की आमच्या चर्चचे पाळकसाहेब ३१ तारखेच्या रात्रीच्या उपासनेसाठी पाच-सहा जणांची नावे काढतात. त्यातले दोघे-तिघे तरी चार दिवसांत माझ्या ओट्यावर येऊन बसतात. हातात घडी घातलेला कागद. "काका, साक्ष लिहिलीय. जरा नजरेखालून घालता का?" मी हिशोबाचा माणूस. साखर कारखान्याच्या हिशोब खात्यात ३४ वर्षे कीर्द-खतावणी लिहिली, मंडळीची, म्हणजे आमच्या चर्चची, तिजोरी १९ वर्षे सांभाळली. पण लोक माझ्याकडे भाषा सुधारायला येत नाहीत. माझी एक साक्ष कशी चुकली होती हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि मी ते लपवत नाही, म्हणून येतात.

ज्यांना ही रीत माहीत नाही त्यांच्यासाठी: उपासनेत उभे राहून, देवाने आपल्या आयुष्यात काय केले ते पाच-सात मिनिटांत सांगणे, याला आम्ही साक्ष म्हणतो. शब्द कोर्टातलाच आहे आणि अर्थही तोच. साक्षीदाराने जे पाहिले ते सांगायचे. खटला त्याचा नसतो.

माझी चुकलेली साक्ष २००६ सालची. मी सांगितले की तरुणपणापासून दारूला शिवलो नाही. पगार झाला की आधी दशांश, म्हणजे देवासाठीचा दहावा भाग, काढला. मंडळीच्या हिशोबात एका रुपयाची तफावत कधी निघू दिली नाही. मुले रविवारच्या शाळेला कधी चुकली नाहीत. यातले एकही वाक्य खोटे नव्हते. मागच्या बाकावर माझा धाकटा भाऊ बसला होता. वडील गेल्यावर आमच्या जमिनीचा एक तुकडा रस्त्यात गेला होता, त्याची भरपाई माझ्या सहीने आली होती, आणि त्यातले भावाच्या वाटणीचे ४०,००० रुपये मी ठेवून घेतले होते. त्याच्या शिक्षणाला मी पूर्वी खर्च केला होता, तो वळता करून घेतला, असे मी मनाशी लिहून टाकले होते. त्याला विचारले नव्हते. माझी साक्ष संपायच्या आत तो उठून बाहेर गेला. घरी आल्यावर बायको एवढेच म्हणाली, "तुमच्या साक्षीत येशू एकदाच आला. तोही शेवटी, आभार मानून घ्यायला."

पुढे जे लिहितो आहे ते त्या वाक्यातून शिकलेले आहे.

आधी लूकचा अठरावा अध्याय, मोठ्याने

पेन हातात घेण्याआधी बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायातल्या ९ ते १४ या ओव्या मोठ्याने वाचा. मनात वाचू नका, कानावर पडू द्या. येशूने सांगितलेल्या या दाखल्यात मंदिरात दोघे प्रार्थनेला जातात, एक परूशी, म्हणजे मोशेचे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहुदी, आणि एक जकातदार, म्हणजे रोमी सत्तेसाठी कर वसूल करणारा, लोकांनी पापी ठरवलेला माणूस. परूशाची प्रार्थना वाचताना पेन्सिलने प्रत्येक 'मी' खाली रेघ मारा, आणि जिथे 'मी' नुसता क्रियापदात दडला आहे तिथेही मारा.

आता नीट बघा, तो खोटे बोलत नाही. आठवड्यातून दोनदा उपास करतो म्हणतो, तो खरोखर करत असणार. नियमशास्त्रात सगळ्यांसाठी उपास सांगितला होता तो वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी. हा आठवड्यातून दोनदा करतो. म्हणजे देण्यापेक्षा जास्त भरणा केलेला आहे. आमच्या हिशोबात जास्त भरणा केलेल्या माणसाचे पुढे काय होते? त्याचे येणे निघते. परूशी मंदिरात उभा राहून देवाच्या नावे रक्कम टाकतो आहे, आणि त्याला वाटते आहे की आपण प्रार्थना करतो आहोत. त्याची सुरुवात तर आभाराने होते! "मी तुझे आभार मानतो" हे त्याचे पहिले वाक्य. गर्व देवळाबाहेर चपलांपाशी थांबत नाही, तो आत येतो, गुडघे टेकतो, आभारही मानतो. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक कागदांवर पहिली ओळ असते, "देवाच्या कृपेने मी...". पहिले दोन शब्द सरकारी पत्राच्या मथळ्यासारखे. त्यांच्यापुढे पानभर नुसता मी.

जकातदार दूर उभा राहतो, वर बघत नाही, ऊर बडवतो आणि म्हणतो, "हे देवा, मज पाप्यावर दया कर." मूळ ग्रीकमध्ये 'पापी' या शब्दाआधी जे लहानसे उपपद आहे त्याने अर्थ होतो, 'तो पापी'. अनेकांतला एक नव्हे, तोच. शेजारी परूशी उभा असताना त्याला दुसरा पापी दिसतच नाही. आणि 'दया कर' साठी जो शब्द आहे, त्याचे नाते प्रायश्चित्ताच्या अर्पणाशी आहे. मी माझे काही देऊ शकत नाही, तूच जे अर्पण नेमले आहेस त्याने माझे मिटव, असे तो मागतो. येशू म्हणतो, हाच नीतिमान ठरून घरी गेला.

हे वाचून परूशाचा राग आला तर थांबा. "देवा, मी त्या परूशासारखा नाही" असे मनात आले की आपण त्याच्याच जागी जाऊन उभे राहिलो. मला हे कळायला फार दिवस लागले.

कागदाच्या मधोमध रेघ

मग एक कोरा कागद घ्या आणि मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. जुन्या कीर्दीत असते तसे. पहिल्या दिवशी उजवी बाजू कोरी ठेवायची. फक्त जमा लिहायची: जे आले, जे आपण कमावलेले नाही, ते. नाव आणि साल घालून. 'देवाने पुष्कळ दिले' ही नोंद चालत नाही. कोणत्याही ऑडिटरने 'पुष्कळ' ही रक्कम मान्य केलेली मी पाहिलेली नाही.

एका मुलाने लिहून आणले होते की प्रार्थना केली, रात्र-रात्र अभ्यास केला आणि इंजिनीअर झालो. मी विचारले, फी कोणी भरली? खाली मान घालून म्हणाला, ताईने. ताईने बारावीनंतर कॉलेज सोडून दवाखान्यात नोकरी धरली होती. कागदावर ताई कुठेच नव्हती. तो अर्धा तास ओट्यावर गप्प बसला आणि मग नवा कागद मागितला. प्रेषित पौल करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात विचारतो, तुला मिळालेले नाही असे तुझ्याजवळ काय आहे? तो प्रश्न कागदाच्या वर लिहून ठेवा आणि त्याखाली जमा उतरवत जा.

यात पहिली नोंद कोणती, यावर मात्र मी आग्रही आहे. ताई, आई, डॉक्टर, शिक्षक यांच्या आधी क्रूस लिहायचा. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे, आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला. 'असतानाच' यातल्या 'च'वर बोट ठेवा. सुधारल्यावर नव्हे. कबुली दिल्यावर नव्हे. आपण मागण्याआधीची जमा आहे ती.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो कागदावर हमखास येतो. कृपा म्हणजे सूट, असे लोकांना वाटते. आपण आपल्या कुवतीप्रमाणे शंभरातले ऐंशी भरायचे, उरलेले वीस देव सोडून देतो. तसे असते तर ऐंशीचा गर्व राहिलाच असता, आणि ज्याचे पन्नासच झाले त्याच्याकडे आपण नाक मुरडून बघितले असते. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात एका चाकराचे देणे सांगितले आहे, मूळ भाषेत १०,००० तालांत. मी एकदा हिशोब मांडला. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दीनार, आणि एक दीनार म्हणजे मजुराचा एक दिवस. म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला ३०० दिवस काम धरले तर २ लाख वर्षे. आणि तो चाकर धन्याच्या पाया पडून काय म्हणतो? मला मुदत द्या, मी सगळे फेडीन! माणसाचा गर्व मला त्या एका वाक्यात सगळ्यात स्पष्ट दिसतो. छाती काढून चालणे ही त्याची वरवरची खूण झाली. पाया पडून, रडून, 'मी सगळे फेडीन' म्हणणे हे त्याचे मूळ आहे. धनी मुदत देत नाही. तो कर्जच सोडतो.

कर्ज सोडले म्हणजे ते हवेत गेले असेही नाही. कारखान्यात बुडीत येणे निर्लेखित करताना मी शेकडो नोंदी केल्या आहेत. एका बाजूने खाते बंद होते, पण ती रक्कम दुसऱ्या बाजूला तोटा म्हणून बसतेच, आणि तो तोटा ज्याचे येणे होते तो सोसतो. क्रूसावर देवाने माझे देणे स्वतःच्या खात्यात तोटा म्हणून घेतले, असे मी समजतो. धर्मशास्त्र शिकलेली माणसे हे याहून नेमके सांगतील, पण माझ्या हाताला हीच नोंद कळते.

हा विचार एखाद्याच पंथाचा नाही. वसईकडचे, गोव्याचे कॅथलिक मित्र मला विचारतात, म्हणून सांगतो. माणूस आपल्या इच्छाशक्तीने आज्ञा पाळून तरू शकतो असे पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पेलागियस नावाचा धर्मशिक्षक शिकवत होता, त्याला बिशप ऑगस्टीनने उत्तर दिले, आणि ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने पेलागियसची शिकवण नाकारली. तेव्हा पश्चिमेकडची मंडळी एकच होती. पुढे सोळाव्या शतकात याच मुद्द्यावरून कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशी फूट पडली. आणि ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या ऑग्सबर्गमध्ये कॅथलिक आणि लुथरन मंडळ्यांनी एकत्र सह्या करून मान्य केले की देव आपल्याला स्वीकारतो तो कृपेने, आपल्या पुण्याईमुळे नव्हे.

'मी' की 'मला'

आता साक्षीचा कच्चा मसुदा लिहा. बोलता तसा लिहा, भाषण नको. लिहून झाला की त्यातले प्रत्येक 'मी' शोधा आणि विचारा, इथे खरे तर 'मला' हवे का?

आपली मराठी यात फार मदत करते. आपण म्हणतो, मला दिसले, मला समजले, मला आठवले, मला मिळाले. जे आपण केले नाही पण आपल्यापर्यंत आले, त्याला भाषेनेच 'मला' दिले आहे. "मी देवाला शोधून काढले" असे एका तरुणीने लिहिले होते. तिला विचारले, कुठे शोधलेस? तर कळले, वसतिगृहात तापाने फणफणत होती, खोलीतली मैत्रीण रोज रात्री तिच्या उशाशी बसून स्तोत्रे वाचायची. मग लिही, "मला देव भेटला, २०१४ च्या ऑगस्टमध्ये, मैत्रिणीच्या आवाजात." तिने तसे लिहिले. "मी क्षमा करायला शिकलो" याचे "मला आधी क्षमा झाली" होते का ते बघा. "मी दारू सोडली" हे खरेच 'सोडली' आहे की 'सुटली', हे ज्याचे त्याला माहीत. काही जणांनी खरोखर दात-ओठ खाऊन सोडलेली असते. ते जरूर लिहावे, पण त्या झगड्यात बळ कुठून आले तेही लिहावे.

आता उलटी बाजू, आणि ही जास्त महत्त्वाची. पापाची गोष्ट आली की आपण सगळे एकदम व्याकरण बदलतो. "माझ्याकडून चूक झाली." "परिस्थितीच तशी होती." "थोडा गैरसमज झाला." 'मी' अचानक कुठे गेला? पानभर होता ना? मी माझ्या कागदावर कितीतरी दिवस लिहीत होतो, "भावाच्या वाटणीचे काही पैसे माझ्याकडे राहिले." पैसे राहत नाहीत. ते कोणीतरी ठेवतो. शेवटी लिहिले, "भावाचे ४०,००० रुपये मी ठेवून घेतले." लिहिताना हात जड झाला होता, आणि लिहून झाल्यावर बऱ्याच वर्षांनी नीट झोप लागली.

तेव्हा नियम एवढाच: पापाला 'मी', कृपेला 'मला'. दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी चालेल, मसुद्यावर एवढा हात फिरवा.

पापाचे वर्णन किती करायचे हाही प्रश्न येतो. नेमके करा आणि थोडके करा. जुन्या पापांच्या कहाण्या रंगवून सांगण्यातही एक मोठेपणा असतो. जितका वाईट होतो तितका आता थोर, असा त्याचा सूर लागतो. आणि फक्त स्वतःचे सांगा. "माझे सासरे फार कडक होते आणि मी त्यांना क्षमा केली" ही सासऱ्यांची साक्ष झाली, तीही त्यांच्या विरुद्धची.

काळ कोणता वापरायचा

पौलाने आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहिले, ख्रिस्त येशू पापी लोकांना तारायला जगात आला, आणि त्या पाप्यांपैकी मी पहिला आहे. 'होतो' नाही, 'आहे'. अनेक मंडळ्या स्थापन केल्यावर, मार खाल्ल्यावर, तुरुंग भोगल्यावरही 'आहे'. फिलिप्पैकरांना त्याने आपली जमेची यादीच दिली आहे, आठव्या दिवशी सुंता, बन्यामीनाचा वंश, इब्र्यांपासून झालेला इब्री, नियमशास्त्राच्या दृष्टीने परूशी. आणि ती सगळी जमा त्याने एका फटक्यात तोट्याकडे नेली, केरकचरा म्हणून. हिशोबाच्या माणसाला ती ओळ वाचताना धस्स होते.

म्हणून साक्ष "पूर्वी मी असा होतो, आता असा आहे" या दोन डब्यांत बसवू नका. जॉन न्यूटन या इंग्रज खलाशाचे कृपेवरचे गीत आज जगभर गातात. मार्च १७४८ मध्ये समुद्रात वादळात सापडून तो देवाकडे वळला, एवढेच लोक सांगतात. त्यानंतरही तो काही वर्षे गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजांवर कप्तान होता. १७५४ मध्ये समुद्र सुटला तो आजारपणामुळे. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने उघडपणे पुस्तिका लिहिली ती १७८८ मध्ये, वादळानंतर ४० वर्षांनी, आणि तीत आपला सहभाग कबूल केला. मधली ४० वर्षे गाळली तर साक्ष सुबक होते आणि खोटी होते. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा मार्टिन लूथर १५४६ च्या फेब्रुवारीत वारला. मृत्यूच्या दोन दिवस आधी त्याने एका चिठ्ठीवर लिहून ठेवले होते, आपण भिकारी आहोत, हे खरे आहे. कृपेवर आयुष्यभर लिहिणाऱ्या माणसाची शेवटची नोंद वर्तमानकाळात आहे.

आणि 'तारीख' नाही म्हणून कोणी घाबरू नये. आपल्या पंडिता रमाबाईंकडे बघा. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवले, त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. पुढे त्यांनी स्वतः लिहिले की त्यानंतर कित्येक वर्षांनी त्यांना उमगले, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळालेला नव्हता. तोपर्यंत शारदा सदन उभे राहिले होते, विधवा मुली शिकत होत्या, देशभर नाव झाले होते. एवढी विद्या आणि एवढी सेवा गाठीला असलेल्या बाईने रिकामे हात पुढे करायचे, हे मला त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनच्या सगळ्या कामापेक्षा अवघड वाटते. आणि मला तरी वाटते की दुष्काळातल्या शेकडो मुलींना त्या ज्या तऱ्हेने पोटाशी धरू शकल्या, त्याचे मूळ तिथेच होते.

गर्व वेगळा, मान वेगळा

हा भाग मी मुद्दाम लिहितो आहे, कारण नम्रतेच्या नावाखाली आमच्यात वाईट गोष्टी घडतात.

माझ्या आजोबांनी नेवासे तालुक्यातल्या आमच्या गावात बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते. 'तू कोणी नाहीस' हे त्यांना गावाने रोज सांगितले होते. त्यांना देवाच्या घरात पहिल्यांदा कळले की आपण कोणीतरी आहोत, मोल देऊन घेतलेले आहोत. अशा घरातल्या नातवाने साक्षीत "मी किडा आहे, मी धूळ आहे" असे पाठ केल्यासारखे म्हणू नये. येशूने अठरा वर्षे कुबड आलेल्या बाईला सभास्थानात पुढे बोलावले, तिच्यावर हात ठेवले, ती सरळ उभी राहिली, आणि टीका करणाऱ्यांना तो म्हणाला, ही अब्राहामाची कन्या आहे. कृपेने माणूस वाकत नाही, सरळ होतो. जकातदारही घरी गेला तो नीतिमान ठरून गेला, ऊर बडवत नव्हे.

तेव्हा लिहिताना विचारा, मी जे सोडतो आहे तो गर्व आहे की कोणी हिरावलेला आणि देवाने परत दिलेला मान? मार खाऊन माहेरी आलेल्या बाईला "तुझ्या गर्वाची साक्ष दे" म्हणून कोणी उभे करत असेल, तर पाळकांनी आणि वडीलधाऱ्यांनी मध्ये पडून ते थांबवले पाहिजे. तिच्या साक्षीत पहिल्यांदा 'मला' यायला हवा: मला मारले गेले, मला आसरा मिळाला.

ज्याला ठाऊक आहे त्याला वाचून दाखवा

मसुदा पक्का झाला की तो घरात वाचून दाखवा. पाळकांना नंतर. बायको, नवरा, भाऊ, वाढलेली मुलगी, जो तुमच्याबरोबर जेवतो त्याला. वाचून झाल्यावर एकच प्रश्न: यात जे नाही ते काय? आणि उत्तर येईल तेव्हा खुलासा करायचा नाही. पाणी प्यायचे, ऐकायचे.

माझ्या बाबतीत 'जे नाही ते' भाऊ होता. २००८ मध्ये माझे हर्नियाचे ऑपरेशन झाले. मुलगा परगावी, बायकोला रात्री थांबणे झेपेना. भाऊ आला. घरून बाजरीची भाकरी आणि दूध घेऊन आला, दोन रात्री माझ्या खाटेखाली चादर टाकून झोपला, मला धरून संडासला नेले. पैशाचा शब्द काढला नाही. मी पडल्या-पडल्या हिशोब करत होतो, याचे काय देणे झाले आपल्यावर? आणि दुसऱ्या रात्री कधीतरी मला कळले की हे खात्यावर घेताच येणार नाही. या दोन रात्रींची किंमत ठरवून मी परत केली असती तर तो अपमान झाला असता. घेणे एवढेच माझ्या हातात होते, आणि तेच मला आयुष्यात कधी जमले नव्हते. तोवर कृपा हा शब्द मी कितीदा उच्चारला असेन! लूकचा जकातदार मला त्या खाटेवर भेटला.

मग पैसे? जक्कयाची गोष्ट आठवा, तीही लूकमध्येच पुढच्याच अध्यायात आहे. यरीहोचा मुख्य जकातदार, उंबराच्या झाडावर चढलेला. येशू आधी म्हणतो, खाली उतर, आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे. जक्कयाची घोषणा त्यानंतरची आहे: अर्धे गरिबांना, आणि ज्याचे लुबाडले त्याला चौपट. क्रम उलटा केला तर सुवार्ता राहत नाही. पण दुसरी पायरी गाळली तर पहिली खरेच झाली का, अशी शंका येते. मी जानेवारीत भावाकडे गेलो, ४०,००० आणि बँकेच्या दराने व्याज धरून पाकीट दिले आणि म्हणालो, हे मी ठेवून घेतले होते. त्याने पैसे घेतले. मोजले. बायकोला चहा ठेवायला सांगितला. त्या पैशांनी त्या दोन रात्री फिटल्या नाहीत, आणि फिटायला दिलेही नव्हते.

म्हणून ज्यांच्या कागदावर कोणाचे देणे निघते त्यांना मी सांगतो, ३१ तारखेच्या आधी जाऊन या. पैसे नसतील तर नुसते जाऊन कबूल करा. मग साक्षीत ते सांगायचे की नाही हे समोरच्याला विचारून ठरवा. त्याचीही लाज त्यात गुंतलेली असते. मी भावाला विचारले होते. "सांग," म्हणाला, "पण व्याजाचे सांगू नको." इथे लिहिताना त्याला पुन्हा विचारले, तर म्हणाला, आता लिही.

उपासनेच्या दिवशी

कागद दीड पानाचा असू द्या. वाचून दाखवायला लाजू नका. पाठ करून बोलताना आवाज चढतो आणि चढलेल्या आवाजाबरोबर 'मी' परत येतो. तुमच्याआधी कोणी फार सुंदर बोलले तर कागद ऐनवेळी बदलू नका. हंगामाच्या सणाला चर्चमध्ये अर्पण आलेल्या पिकाच्या लिलावात भोपळ्याची बोली कशी चढते, ते आपण पाहतोच. साक्षींची तशी बोली होऊ देऊ नका. बोलून झाले की "आमेन" म्हणून बसा. शेवटी मंडळीला उपदेश करायचा मोह आवरा, उपदेश पाळकसाहेब करणारच आहेत.

बाहेर आल्यावर लोक हात धरून म्हणतील, "छान बोललात." त्यावर "छे छे, मी कसला" म्हणू नका, तेही पुन्हा स्वतःकडेच बघणे आहे. सलाम म्हणा, त्यांच्या घरचे कसे आहेत ते विचारा.

आणि तो कागद जपून ठेवून पुढच्या वर्षी पुन्हा वाचू नका. मी दर डिसेंबरात नवा कागद घेतो, मधोमध रेघ मारतो. जमेची बाजू क्रूसापासून सुरू होते. दुसऱ्या ओळीवर दरवर्षी तेच येते: ऑपरेशन, २००८, भावाच्या दोन रात्री. तिसऱ्या ओळीपासून त्या वर्षाचे लिहितो.